नव्या घरातला साप जेवत का नाही?

कुत्र्याचे पिल्लू घरी आणले तर पहिल्या रात्री ते कुईकुई करते, पण दुसऱ्या दिवशी दूधपोळीवर ताव मारते. मांजराचे पिल्लू तर तासाभरातच स्वयंपाकघराचा रस्ता शोधून काढते. आता अशी कल्पना करा, की अमेरिकेतल्या एका मुलाने वाढदिवसाला मिळालेल्या पैशांतून एक छोटासा अजगर विकत आणला आहे. त्या देशात अनेक घरांत साप पाळतात, त्यामुळे आईवडिलांनीही हरकत घेतलेली नाही. मुलाने मोठ्या हौसेने काचेची पेटी सजवली, पाण्याचे भांडे ठेवले आणि त्यात उंदीर सोडला. सापाने मान आत ओढली, अंगाचे वेटोळे केले आणि तो निपचित पडून राहिला. एक आठवडा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. साप काही खाईना! मुलाच्या तोंडचे पाणी पळाले. साप आजारी आहे काय? उपाशी मरेल काय? की त्याचे तोंड उघडून बळेच घास भरवावा?

हा प्रश्न एका मुलाचा नाही. साप पाळणाऱ्या देशांतील हजारो लोकांना तो पडतो. त्याचे उत्तर शोधताना सापाच्या शरीराविषयी इतक्या नवलाच्या गोष्टी कळतात, की साप न पाळणाऱ्यांनीही त्या समजून घ्याव्यात. आपल्याकडे साप पाळण्याचा प्रश्नच येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग, धामण, अजगर यांसारखे साप पकडणे आणि घरात ठेवणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी बिळात हात घालायचा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आयत्या बिळावर नागोबा

ज्या सापाविषयी ही तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते, त्याचे शास्त्रीय नाव आहे पायथन रेगियस. रेगियस म्हणजे राजेशाही. इंग्लंडमध्ये त्याला रॉयल पायथन म्हणतात, तर अमेरिकेत बॉल पायथन. भीती वाटली की हा साप डोके मधोमध लपवून अंगाचा घट्ट चेंडू करतो, म्हणून हे दुसरे नाव. आपण त्याला चेंडू-अजगर म्हणू. आपल्याकडच्या भल्यामोठ्या अजगराच्या मानाने तो ठेंगणाच. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फूट लांब असतो. तो विषारी नाही. भक्ष्याला तोंडाने पकडून, वेटोळ्यात आवळून तो मारतो. आयुष्य मात्र दीर्घ. अमेरिकेतील सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयातील एका मादीने २०२० साली अंडी घातली, तेव्हा तिचे वय साठ वर्षांच्या पुढे होते!

त्याचे मूळ घर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे. घाना, टोगो, बेनिन, नायजेरिया या देशांतील गवताळ माळांवर, शेतांत आणि विरळ झाडीत तो राहतो. दिवसा तो उंदरांनी पोखरलेल्या बिळात किंवा वाळवीच्या वारुळात दडून बसतो. ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही आपली म्हण त्याला तंतोतंत लागू पडते. अंधार पडला की तो हालचाल करतो किंवा बिळाच्या तोंडाशी दबा धरून बसतो. नायजेरियातील सापांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले, की दोन-सव्वादोन फुटांहून लहान साप जवळजवळ पक्ष्यांवरच जगतात, आणि मोठे साप उंदरांसारख्या सस्तन प्राण्यांवर.

आता त्या काचेच्या पेटीकडे पुन्हा पाहा. बीळ नाही, अंधार नाही. चारी बाजूंनी उजेड आणि माणसांची ये-जा. दर तासाला कोणीतरी झाकण उघडून सापाला हातात घेत आहे. आपल्याला ते कौतुक वाटते, पण सापाला काय वाटत असेल? रानात त्याला उचलणारा एकच प्रकारचा प्राणी असतो, तो म्हणजे त्याला खाणारा. जो स्वतःच कोणाचा तरी घास होण्याच्या भीतीत आहे, तो घास कसा घेणार?

उपवास हा त्याचा धर्मच

सापाचा उपवास आपल्या उपवासासारखा नसतो. आपण सस्तन प्राणी आहोत. आपले शरीर रात्रंदिवस सुमारे ३७ अंश सेल्सिअसवर गरम राहते, आणि ही भट्टी पेटती ठेवण्यासाठी खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग खर्ची पडतो. साप शीतरक्ती म्हणवतो. याचा अर्थ त्याचे रक्त थंडगार असते असा नाही. तो शरीराची ऊब स्वतः निर्माण न करता बाहेरून घेतो, असा त्याचा अर्थ. उन्हातला दगड, तापलेली माती हीच त्याची चूल. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जेवढे अन्न लागते, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शावर त्याचे भागते.

मौज एवढ्यावर थांबत नाही. दबा धरून बसणाऱ्या सापांच्या पोटात काय घडते, याचा अभ्यास स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात ब्रह्मी अजगरावर केला. त्यांना असे दिसले, की दोन जेवणांच्या मधल्या काळात हा साप आपली पचनसंस्था जवळजवळ बंद करून ठेवतो. आतडे आक्रसते, जठरातले आम्ल पाझरेनासे होते. मग मोठे भक्ष्य पोटात गेले, की एक-दोन दिवसांत आतड्याचे वजन दुप्पट होते, यकृत व मूत्रपिंडे वाढतात, आणि शरीराचा ऊर्जाखर्च विश्रांतीच्या वेळेपेक्षा कित्येक पटींनी, फारच मोठ्या भक्ष्याच्या वेळी तर चाळीस पटींहूनही अधिक वाढतो. पचन संपले की सारा कारखाना पुन्हा बंद! गिऱ्हाईक नसताना दिवा मालवून ठेवणाऱ्या काटकसरी दुकानदारासारखी ही रीत आहे.

याहून लांबच्या उपवासाचा अभ्यास मार्शल मॅक्क्यू या शास्त्रज्ञाने २००७ साली प्रसिद्ध केला. त्यांनी तीन जातींच्या सापांना सुमारे २४ आठवडे अन्नाविना ठेवले. त्यांत आपला चेंडू-अजगरही होता. सापांनी आपला विश्रांतीतला ऊर्जाखर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला. वजन घटले, तरीही त्यांची लांबी मात्र वाढतच होती!

म्हणजे तीन आठवडे न खाल्लेला निरोगी, भरलेला साप मरणाच्या दारात नसतो. ही एक गोष्ट त्या मुलाला कळली, तरी त्याची निम्मी काळजी मिटेल. मात्र याचा अर्थ सापाला उपाशी ठेवायला हरकत नाही, असा मुळीच नाही. नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाजवळ शिल्लक फार थोडी असते, आणि आजारी सापाचा उपवास वेगळा असतो. तेव्हा न खाण्याचे कारण शोधलेच पाहिजे.

कारणे शोधू या

पहिले कारण भीती. ते वर आलेच आहे.

दुसरे कारण थंडी. बाहेरची ऊब नसेल तर सापाच्या पोटातले पाचक रस काम करीत नाहीत. गार पेटीत साप जेवला, तर भक्ष्य पचण्याऐवजी पोटातच कुजू लागते आणि साप ते ओकून टाकतो. जणू हे ठाऊक असल्याप्रमाणे गारठलेला साप भक्ष्याला तोंडच लावत नाही. चेंडू-अजगराच्या पेटीची एक बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस आणि दुसरी २५-२६ अंशांच्या आसपास असावी लागते. उकडले की तो इकडे सरकतो, गार वाटले की तिकडे. आपण पंखा चालू-बंद करतो, साप जागा बदलतो, इतकाच काय तो फरक.

तिसरे कारण असे, की समोर ठेवलेली वस्तू अन्न आहे हेच सापाला कळत नाही. आपण ताटातला पदार्थ डोळ्यांनी ओळखतो. साप दुभंगलेली जीभ लवलवून हवेतले गंधकण गोळा करतो आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियापर्यंत पोचवतो. शिवाय चेंडू-अजगराच्या ओठांच्या कडेला लहान लहान खळगे असतात. उबदार वस्तूतून निघणारे अवरक्त किरण या खळग्यांना जाणवतात. गडद अंधारातही उंदराची ऊब त्याला जणू ‘दिसते’. या खळग्यांच्या मज्जातंतूंत उष्णता ओळखणारे प्रथिन कोणते, हे डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली शोधून काढले. त्याचे नाव टीआरपीए-१. आपल्या अंगातही याच जातीचे प्रथिन असते, पण ते आपल्याला मोहरीचा किंवा वसाबीचा झणका जाणवून देते! हेच ज्युलियस पुढे २०२१च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. तर सांगायचे असे, की फ्रीजमधून काढलेला गार, गंधहीन उंदीर म्हणजे या सापाच्या दृष्टीने एक दगडच.

चौथे कारण वेळेचे. कात टाकण्याआधी सापाचे डोळे दुधाळ, निळसर दिसू लागतात. जुन्या आणि नव्या कातडीच्या मध्ये द्रव साचल्याने त्याला नीट दिसत नाही. अशा दिवसांत बहुतेक साप खात नाहीत. वयात आलेले नर विणीच्या हंगामात महिनोन् महिने अन्न टाळतात. मादी तर अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते आणि तेवढा काळ सहसा उपाशी राहते.

पाचवे कारण आजार. तोंडात सूज, श्वास घेताना घरघर, अंगावर गोचिडीसारखे बारीक किडे, पोटात जंत, यांपैकी काहीही असू शकते. रानातून पकडून आणलेल्या सापांत हा त्रास जास्त. पिंजऱ्यातच जन्मलेली पिल्ले त्या मानाने लवकर रुळतात.

साप जेवता कसा होतो?

कारणे कळली म्हणजे उपाय आपोआप सुचतात. अनुभवी सर्पपालक आणि पशुवैद्य ज्या क्रमाने जातात, तो असा.

पहिला आठवडाभर काहीच करायचे नाही! पाणी बदलायचे, घाण काढायची, बाकी सापाला हातही लावायचा नाही. पेटीत दोन दडणी ठेवायची, एक गरम बाजूला आणि एक गार बाजूला. एकच ठेवली तर सापाला ऊब आणि आसरा यांतून एकाची निवड करावी लागते. दडण मोठे, ऐसपैस नको. बिळाप्रमाणे सापाच्या अंगाला चहूबाजूंनी टेकेल इतके लहानच हवे. पेटीच्या तीन बाजूंना कागद लावला की उजेड आणि वर्दळ यांचा त्रास कमी होतो.

मग तापमापकाने दोन्ही बाजूंचे तापमान मोजायचे. हाताला गरम लागते, हे माप नव्हे. उष्णता देणाऱ्या गादीला तापमान आवरणारे यंत्र जोडलेले असलेच पाहिजे, नाहीतर सापाचे पोट भाजते. हवेत पुरेसा ओलावा आहे ना, हेही पाहायचे.

आठवड्यानंतर, संध्याकाळी दिवे मंद करून पहिले जेवण द्यायचे. भक्ष्य सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाइतकेच जाड असावे, त्याहून मोठे नको. मेलेले, गोठवलेले उंदीर त्या देशांत दुकानात मिळतात. असा उंदीर आधी फ्रीजच्या साध्या कप्प्यात पूर्ण विरघळू द्यायचा, मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. जिवंत उंदराच्या अंगाइतका, म्हणजे ३७-३८ अंशांपर्यंत तो ऊबदार झाला पाहिजे. शिजवायचा मात्र नाही. मग तो लांब चिमट्यात धरून दडणाच्या तोंडाशी हळूच हलवायचा. ऊब आली, गंध आला, हालचाल आली. सापाची जीभ वेगाने लवलवू लागते, मान इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखी वळते आणि निमिषार्धात झडप पडते!

दहा-पंधरा मिनिटांत झडप आली नाही तर उंदीर दडणाजवळ ठेवून, पेटीवर कापड टाकून निघून जायचे. पुष्कळ साप कोणी पाहत नसतानाच जेवतात. सकाळी भक्ष्य तसेच पडलेले असेल तर फेकून द्यायचे आणि आठवडाभर पुन्हा शांत बसायचे. रोज रोज उंदीर नाकाशी नाचवला, तर साप अन्नालाच भिऊ लागतो.

तरीही नकार आला, तर गंध बदलून पाहतात. पांढऱ्या उंदराला आफ्रिकी जातीच्या उंदराच्या बिछान्यातला भुसा चोळतात, किंवा कोंबडीच्या पिल्लाचा वास लावतात. लहान चेंडू-अजगर रानात पक्षी खातात हे वर वाचलेत ना? शेतात केलेल्या निरीक्षणाचा उपयोग हा असा घरातल्या पेटीत होतो.

यात एक शिस्त पाळायची असते, आणि प्रयोगशाळेतही हीच शिस्त असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा, तापमान, भक्ष्य आणि वेळ सगळे एकदम बदलले आणि साप जेवला, तर कशाने जेवला हे कळणार कसे? आणि नाही जेवला, तर त्या बिचाऱ्यावर चार नव्या संकटांची भर पडलेली असते. म्हणून एक वही करायची. तारीख, दोन्ही बाजूंचे तापमान, काय दिले, काय झाले, आणि आठवड्यातून एकदा सापाचे वजन ग्रॅममध्ये. वहीत महिनाभर वजन जवळजवळ तितकेच दिसले, तर धीर धरायला आधार मिळतो. वजन दर आठवड्याला उतरत असेल, तर वाट पाहणे हा निष्काळजीपणा ठरतो.

तीन चुका

जेवत नाही म्हणून पेटीत जिवंत उंदीर सोडून झोपी जाणे, ही पहिली चूक. भुकेला उंदीर निपचित सापाचे अंग कुरतडतो. सापांना अशा जखमा होऊन ते दगावलेलेही आहेत. त्या उंदराचे हाल होतात ते वेगळेच.

दुसरी चूक म्हणजे तोंड उघडून घास कोंबणे. सापाचे दात बारीक, मागे वळलेले आणि नाजूक असतात. जबरदस्तीत ते तुटतात, तोंडाला जखम होऊन ती चिघळते, आणि घाबरलेला साप घास ओकून टाकतो. पशुवैद्याने तपासून अगदी शेवटचा उपाय म्हणूनच हे करायचे असते.

तिसरी चूक आनंदाच्या भरातली. साप एकदाचा जेवला की त्याला लगेच हातात घेऊन मिरवणे! जेवणानंतर निदान दोन दिवस त्याला हलवायचे नाही, नाहीतर इतक्या सायासाने गेलेला घास बाहेर येतो. आणि हात केव्हाही लावला, तरी नंतर साबणाने धुवायचे. सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात.

पशुवैद्याकडे केव्हा जायचे? वजन एक दशांशाहून अधिक घटले, पाठीचा कणा वर दिसू लागला, कातडी सैल पडली, श्वासाला आवाज येऊ लागला, किंवा तोंडातून फेस आला, तर एक दिवसही थांबायचे नाही.

आपल्या अंगणातला साप

आता आपल्याकडे वळू. नागपंचमीला नागाने दूध प्यायल्याचे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. आता तुम्हीच विचार करा. ज्याची जीभ उंदराचा वास शोधते, ज्याचे आतडे मांस पचवण्यासाठी आहे, तो साप दूध का पिईल? साप हा सस्तन प्राणी नाही. दूध त्याचे अन्न नव्हेच. पूर्वी गारुडी सणाआधी नागांना पकडून, कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून टोपलीत कोंडून ठेवीत. तहानेने कासावीस झालेला जीव समोर येईल तो द्रव पितो. लोक त्याला प्रसाद म्हणत. अशा किती नागांचा जीव त्या दुधाने आणि त्या टोपलीने घेतला असेल, हे मोजले कोणी?

अमेरिकेतला तो मुलगा आणि दुधाची वाटी पुढे करणारी आपल्याकडची भाविक बाई, दोघांच्याही मनात प्रेमच असते. दोघेही सापाला आपल्यासारखा समजतात. त्याला आपल्यासारखी दिवसातून तीनदा भूक लागते, आपल्यासारखे कुरवाळणे आवडते, आपले पक्वान्न त्यालाही गोड लागते, असे त्यांना वाटते. पण साप साप आहे. त्याला हवे अंधारे बीळ, पुरेशी ऊब आणि कोणी त्रास न देणे. या गोष्टी मिळाल्या की तो आपला आपण जेवतो. शेतातल्या धामणीला जेवू घालायला कोणी जात नाही. तिला बीळ आहे, ऊन आहे, उंदीर आहेत, आणि ती आपल्या धान्याची राखण फुकट करते.

म्हणून गावात साप निघाला तर काठी घेऊन धावू नका, आणि दूध घेऊनही धावू नका. दूर उभे राहा, मोठ्यांना सांगा आणि वनखात्याला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवा. आणि अमेरिकेतल्या त्या मुलासारखा कोणी तुम्हाला विचारू लागला, की ‘माझा साप जेवत नाही, काय करू?’ तर पहिला प्रश्न उलट त्यालाच विचारा: ‘गेल्या आठवडाभरात तू त्याला किती वेळा हात लावलास?’ बहुतेक वेळा अर्धे उत्तर त्यातच सापडेल.